जूचंद्रच्या रस्त्याला सातबारा नाही

प्रति,
मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका, विरार.



वसईचा इतिहास म्हटला की आपल्या हद्दीतली दोनच ठिकाणे पुढे येतात, किल्ला आणि सोपारा. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटात स्तूप उकरला. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि 1956 मध्ये भुईगावला नवव्याचा. एवढे सांगून झाले की इतिहास संपतो आणि उरलेल्या जागेत विकास सुरू होतो. ही विभागणी सोयीची आहे, पण चुकीची आहे. हे पत्र त्या उरलेल्या जागेतल्या एका रस्त्याविषयी आहे. नायगाव स्टेशनच्या पूर्वेकडून निघून, मिठागरांच्या कडेने जूचंद्रच्या गावठाणात शिरणारा, चंडिकेच्या डोंगराला वळसा घालून पुढे बापाण्याला मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळणारा हा रस्ता. किल्ल्याला आपण जो मान देतो तो या रस्त्यालाही मिळायला हवा, असे माझे म्हणणे आहे. त्याच्या कडेला कुणी राजवाडा बांधला म्हणून मी हे म्हणत नाही. त्याची रेषाच एक दस्तऐवज आहे, आणि तो दस्तऐवज न वाचता खोडला तर नुकसान फक्त इतिहासाचे होणार नाही.

आधी जमीन पाहू. दक्षिणेला वसईची खाडी, तिच्या उत्तरेला खाजण आणि मिठागरे, मग किंचित उंचावर गावठाण, त्याच्या पाठीशी डोंगर आणि डोंगरावर चंडिका. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी जिथवर चढत असे, त्याच्या वर माणसांनी घरे बांधली आणि खाली आगर केले. उत्तर कोकणातल्या बहुतेक खाडीकाठच्या गावांची बांधणी अशीच आहे. अशा गावात रस्ता कुठून न्यायचा हे कुणा अभियंत्याने ठरवलेले नसते. कोरड्या पायाने कुठून जाता येते, यावरून ते ठरते. पावसात कुठली जागा पाण्याखाली जाते, कुठला बांध बैलगाडी पेलतो, कुठे डोंगराचा दगड वर आला आहे म्हणून चिखल होत नाही, या प्रश्नांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या पायांनी शोधली आणि जी रेषा उरली तिला आपण आज रस्ता म्हणतो. म्हणूनच जुन्या गावातला रस्ता सहसा सरळ नसतो. त्याच्या प्रत्येक वळणाला कारण असते, फक्त ते लिहून ठेवलेले नसते.

गावाच्या नावालाही या जमिनीची आठवण असावी, असा माझा तर्क आहे. कोकणात 'जुवे' किंवा 'जू' म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन, बेट. गोव्यात मांडवीच्या पात्रातले जुवे, जैतापूरच्या खाडीतले जुवे ही त्याची चांगली उदाहरणे. आणि जूचंद्रच्या अगदी शेजारी, वसईच्या खाडीत, पाणजू हे बेट आहे. मग जूचंद्रमधले 'जू' वेगळे कशाला समजायचे? शेवटचा शब्द भाषेच्या जाणकारांचा, पण तर्क खरा असेल तर नावच सांगते की हे गाव एके काळी भरतीच्या पाण्यात उंचावलेला तुकडा होते आणि त्याला जमिनीशी जोडणारी वाट ही गावाची नाळ होती. गावाचे नाव हा सरकारी कागदपत्रांत टिकलेला सर्वांत जुना शब्द असतो. तलाठी बदलले, राज्ये बदलली, पण तो शब्द सहसा बदलला नाही.

आता मीठ. आगरी हा शब्द आगरावरून आला, आणि आगर म्हणजे नुसती वाडी नव्हे, मिठाचे आगरही. खाडीचे पाणी उधाणाला आत घ्यायचे, बांधाला ठेवलेली उघाडी बंद करायची, ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात उतरवत उन्हात आटवायचे, आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मिठाचे दाणे धरले की ते ओढून बांधावर ढीग लावायचे. पावसाळा सरल्यावर बांधबंदिस्ती, मग हिवाळा-उन्हाळाभर मीठ, आणि पहिल्या पावसाआधी ढिगांवर गवत-पेंढ्याचे आच्छादन. या कामात रस्त्याची भूमिका काय, हे सहसा कुणी विचारत नाही. मीठ पाण्याने तयार होते आणि पाण्यानेच नासते. त्यामुळे ते ठेवायला आणि न्यायला कोरडी वाट लागते, आणि मिठागरातली कोरडी वाट म्हणजे बांध. खाजणातले आजचे कित्येक रस्ते मुळात बांध आहेत. वर माती, खडी, डांबर चढत गेले, पण रेषा बांधाचीच राहिली. बांधाला जिथे उघाडी होती तिथे रस्त्याला मोरी आली. ही मोरी कुणा ठेकेदाराच्या मनात आले म्हणून तिथे नाही. पाणी पूर्वीपासून तिथूनच आत-बाहेर करत आले आहे, म्हणून ती तिथे आहे.

एक गंमत अशी की या मिठावर सरकारचे डोळे फार बारीक होते. ब्रिटिशांना मिठावरचा कर हवा होता, म्हणून 1890 चा मुंबई मीठ कायदा आला, मिठागरांची परवानगी, मोजणी, पहारा, वखारी, सगळ्याची नोंद झाली. स्वातंत्र्यानंतरही मीठ हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत, 58 व्या नोंदीत राहिला. म्हणजे मिठाच्या प्रत्येक मणाचा हिशेब सरकारने ठेवला, पण ते मीठ ज्या वाटेने गेले तिचा हिशेब कुणी ठेवला नाही. कर वाटेवर नव्हता, हे त्याचे साधे कारण. आपल्या दप्तरांचा हा स्वभावच आहे. ज्यातून महसूल येतो त्याची नोंद होते आणि ज्यावरून महसूल वाहून नेला जातो ते नोंदीच्या कडेला एका दुहेरी रेषेत उरते. गावठाणातल्या रस्त्याला सातबारा नसतो. तो कुणाच्याच नावावर नाही, म्हणून त्याची बाजू मांडायला कुणी येत नाही.

या रेषेवर पुढचे लिखाण रेल्वेने केले. 1864 मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वे खाडी ओलांडून मुंबईच्या दारात पोहोचली. तिचा उत्तर-दक्षिण भराव खाजणातून गेला आणि पाण्याला पश्चिमेकडे जायला मोऱ्या आणि पूल एवढ्याच वाटा उरल्या. गावाचे तोंडही फिरले. आधी गावाचे व्यवहार खाडीकडे, होडीकडे पाहत असतील, तर आता ते स्टेशनाकडे पाहू लागले. त्यानंतर पूर्वेला महामार्ग झाला आणि रस्त्याला दुसरे टोक मिळाले. मग वसई रोड ते दिवा हा मार्ग आला, त्यावर जूचंद्र हे स्टेशन झाले आणि गावाच्या नावाची पाटी प्रथमच फलाटावर लागली. आता रेल्वेने नायगाव ते जूचंद्र अशी सुमारे 6 किलोमीटरची जोडमार्गिका मंजूर केली आहे. पश्चिम रेल्वेवरून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांना वसईला इंजिन बदलून दिशा फिरवावी लागू नये, हा तिचा हेतू. हेतू चांगला आहे, कोकणात जाणाऱ्याला त्याचे मोल कळते. पण नकाशावर पाहिले तर ध्यानात येते की एका लहानशा गावाभोवती दीडशे वर्षांत भरावांची वीण घट्ट होत चालली आहे, आणि प्रत्येक नवा भराव जुन्या रस्त्याला आणि जुन्या पाण्याला एकदा छेदतो. प्रत्येक वेळी ज्याने छेदले त्याने स्वतःपुरता नकाशा काढला. सगळे छेद एका कागदावर कुणी मांडलेले नाहीत.

रस्त्याची रेषा इमारतींपेक्षा जास्त टिकते, हा माझा दावा जूचंद्रपुरता नाही. किल्ल्यातच पाहा. पोर्तुगिजांच्या वसईत प्रार्थनामंदिरे, मठ, वाडे, कारंजी असे अख्खे शहर होते. 1739 नंतर त्याची वस्ती उठली, छपरे गेली, एकोणिसाव्या शतकात तटाच्या आत साखरेचा कारखानाही काढून पाहिला गेला. आज तिथे उभ्या आहेत त्या भिंती. पण जमिनीकडच्या दरवाजातून समुद्राकडे जाणारी वाट मात्र मेली नाही, कारण किल्लाबंदर आणि पाचूबंदरच्या लोकांना ती रोज लागत होती. आज त्याच बाजूने जेट्टीकडे वाहने जातात, 2024 पासून भाईंदरच्या रो-रोसाठीही. म्हणजे ज्या गोष्टींना पुरातत्त्व खात्याचे कुंपण आहे त्या पडल्या आणि जिला कुठलेच संरक्षण नव्हते ती वापरात राहिली. वापर हेच रस्त्याचे संरक्षण असते. लंडनची गोष्ट सर्वश्रुत आहे. 1666 च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला, ख्रिस्तोफर रेनने सरळ, रुंद रस्त्यांचा सुंदर आराखडा दिला, आणि तरी शहर बहुतांशी जुन्याच रेषांवर पुन्हा उभे राहिले. घरे जळाली होती, मालकी जळाली नव्हती. उलट उदाहरण मुंबईचे. प्लेगनंतर 1898 मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते कापून काढले. हवा खेळती झाली हे खरे. पण त्या कापलेल्या गल्ल्यांचे आज काय उरले आहे? काही जुनी नावे आणि थोडे नकाशे. तेवढे तरी आहे, कारण ट्रस्टने कापण्याआधी मोजले होते. जूचंद्रमध्ये आपण कापण्याआधी मोजणार आहोत का, हा प्रश्न आहे.

कापणे म्हणजे बुलडोझरच, असे नाही. महापालिका कायद्यात नियमित रस्तारेषा आखण्याचा अधिकार आहे. नकाशावर एकदा रेषा आखली की कुणी घर पाडून नवे बांधताना त्याला मागे सरकावे लागते. हे वर्षानुवर्षे, एकेक घर करून होते. एके दिवशी सगळा रस्ता रुंद दिसतो आणि तो जुना कधी नाहीसा झाला हे कुणालाच सांगता येत नाही, कारण तसा दिवसच नसतो. सगळ्यात आधी जातो तो ओटा. आगरी गावातला ओटा हा घराचा आणि रस्त्याचाही असतो. घरमालकाच्या हद्दीत असून गावाच्या वापरातला. जूचंद्रला तर याला विशेष अर्थ आहे. हे गाव रांगोळीकारांचे गाव म्हणून महाराष्ट्रात ओळखले जाते. व्यक्तिचित्रे, प्रसंग, फोटोशी पैज लावणाऱ्या रांगोळ्या इथल्या हातांनी काढल्या आहेत. आता सभागृहांत, प्रदर्शनांत, मोठ्या पडद्यांच्या उजेडात ती कला पोहोचली, आणि त्यात वाईट काही नाही. पण रांगोळीचा जन्म अंगणाच्या कडेला, उंबऱ्याच्या बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाशी झाला. जिथे ओटा आणि अंगण जाऊन उंबरा थेट गटाराच्या झाकणावर उतरतो, तिथे उद्याच्या रांगोळीकाराचा हात कुठे बसणार? ही हळवी तक्रार नाही. जी कला शाळेत नाही तर अंगणात शिकली जाते, तिच्यासाठी अंगण म्हणजे शाळेची इमारत.

आता मुख्य मुद्दा, जो मला आपल्या कार्यालयापुढे सर्वांत जोराने मांडायचा आहे. रस्त्याचा इतिहास हे पाण्याचे गणित आहे. जुलै 2018 मध्ये वसई-विरार बुडाले. रेल्वे थांबली, लांब पल्ल्याची गाडी नालासोपाऱ्याजवळ पाण्यात उभी राहिली, वसईच्या मिठागरात शेकडो माणसे अडकली आणि त्यांना बाहेर काढावे लागले. त्यानंतर कारणे शोधण्यासाठी महापालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी यांच्याकडे काम सोपवले. तज्ज्ञ नेमणे योग्यच होते. पण तज्ज्ञांना पातळ्या, उतार, नाल्यांची रुंदी मोजता येते. पाणी पूर्वी कुठून जात होते हे मोजता येत नाही, ते जुन्या नोंदींतून वाचावे लागते. जुन्या रस्त्याचे वळण, त्यावरची मोरी, मोरीखालच्या उघाडीची उंची, विहिरींची जागा, भातशेतीचे उतार, हे सगळे पाण्याविषयीचे पुरावे आहेत. माणसांनी शतकानुशतके पाण्याशी केलेला तह त्या रेषेत आहे. रस्ता काँक्रीटचा करताना पातळी फूटभर वाढवली की शेजारचे घर खड्ड्यात जाते, हे प्रत्येक गावकऱ्याला माहीत आहे आणि निविदेत मात्र त्याला ओळही नसते. मोरी 'अनावश्यक' म्हणून बुजवली की पुढच्या पावसात ती का होती हे कळते, पण तोवर देयक निघालेले असते.

मग हे पुरावे आहेत कुठे? इथे खरी अडचण आहे. रस्ता एक, पण कागद सात ठिकाणी. गावाचा नकाशा आणि गावठाणाची हद्द भूमी अभिलेख खात्याकडे, जमिनीच्या नोंदी तहसील कार्यालयात, मिठागरांचे नकाशे केंद्राच्या मीठ विभागाकडे, बांध आणि उघाड्या खारभूमी विकासाकडे, भराव आणि पूल रेल्वेकडे, महामार्ग त्याच्या प्राधिकरणाकडे, आणि गटारे आपल्याकडे. महापालिका होण्याआधी या पट्ट्याचे नियोजन सिडकोकडे होते, त्यामुळे 2021 पर्यंतच्या विकास आराखड्यामागची मोजणीही आधी तिथे झाली. 3 जुलै 2009 ला महापालिका स्थापन झाली तेव्हा चार नगरपरिषदा आणि 53 गावे एका छताखाली आली, पण त्यांचे कागद एका छताखाली आले नाहीत. 1 ऑगस्ट 2014 ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, म्हणजे जुन्या नोंदींसाठी ठाण्याकडे आणि नव्यांसाठी पालघरकडे पाहायचे. याहून मागे गेलो तर मोडीतले पेशवे दप्तर आणि पोर्तुगीज दप्तर आहे. वसईच्या मुलखाच्या उत्पन्नाची नोंद सिमाँव बोतेल्यूने 1554 च्या टोंबोत, म्हणजे महसुली नोंदवहीत, केली आहे, आणि उत्तर कोकणातल्या वसाहतीची हकिकत महिकावतीच्या बखरीत आहे, जी इतिहासकार राजवाड्यांनी 1924 मध्ये छापली. एवढ्या मोठ्या कागदी परंपरेच्या प्रदेशात एका गावाच्या रस्त्याची एक सलग फाईल नसावी, याला अभाव म्हणता येणार नाही. ही बेफिकिरी आहे.

यावर पहिला आक्षेप मला ऐकू येतो. जूचंद्रमध्ये जपण्यासारखे जुने काय आहे? ना कोरीव लेख, ना तट, ना वाडा. डोंगरावरच्या देवळाला गावाची श्रद्धा जपते, त्याला महापालिकेची गरज नाही. आक्षेप खरा आहे, पण तो इतिहासाच्या एका विशिष्ट कल्पनेतून येतो. आपला वारसा-कायदा दगडावर बेतलेला आहे. 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा स्मारक ओळखतो आणि 2010 च्या दुरुस्तीने त्याभोवती शंभर मीटर बांधकामबंदी घालतो. किल्ल्याला ते लागू पडते. पण जिथे राजाने काहीच बांधले नाही आणि लोकांनी सगळेच बांधले, तिथे हा कायदा मुका आहे. मात्र 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा परिसराची यादी करण्याची सोय आहे, नुसत्या वास्तूची नव्हे. तेव्हा अडचण कायद्याची कमी आणि नजरेची जास्त. आणि कष्टकऱ्यांच्या वस्तीला दगडी पुरावा नाही म्हणून इतिहास नाही, असे म्हणणे म्हणजे ज्यांनी मीठ पिकवले त्यांना आळणी ठरवणे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. नायगाव पूर्वेला गेल्या दोन दशकांत प्रचंड वस्ती झाली. स्टेशन गाठायला, महामार्गाला लागायला हजारो लोकांना हाच रस्ता आहे. रिक्षा, शाळेच्या बस, टँकर, अवजड वाहने, सगळी त्यावर. रुग्णवाहिका अडकली तर त्या कुटुंबाला वळणाचा इतिहास सांगून उपयोग नाही. अगदी मान्य. रस्ता रुंद करू नका, असे या पत्रात कुठेही नाही. जिथे रुंदी हवी तिथे ती करावीच लागेल, आणि काही ठिकाणी जुनी रेषा सोडून गावाबाहेरून वळणरस्ता काढणे हेच गावाच्याही हिताचे ठरेल. पण वाहतुकीचा प्रश्न आणि नोंदीचा प्रश्न एकमेकांविरुद्ध नाहीत. मोजून, टिपून, नोंद करून मग रुंद केलेला रस्ता तेवढाच रुंद होतो. फरक एवढाच की त्यात मोरी बुजत नाही, आणि पातळी ठरवताना शेजारच्या घरांची जोती विचारात घेतली जातात. गावठाणातून अवजड वाहने नेण्याची सवय मोडायची असेल, तर जुना रस्ता कुठला आणि नवा कुठला हे आधी ओळखावे लागते. ज्याला दोन्ही सारखेच दिसतात तो दोन्हींवर सारखाच ताण टाकतो.

गावातले लोकच म्हणतील, आमच्या घरावर वारसा म्हणून शिक्का नको. घर वाढवायचे आहे, मुलांची लग्ने आहेत, हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो तर तो हवा. ही भीती रास्त आहे, कारण आपल्याकडे वारसा म्हणजे नकार अशीच ओळख झाली आहे. म्हणून मी जाणूनबुजून वारसा-बंदी मागत नाही, नोंद मागतो. नोंदीने कुणाचा हक्क गोठत नाही. उलट गावठाणाच्या हद्दीवरून, मिठागराच्या जमिनीवरून, संपादनाच्या मोबदल्यावरून जेव्हा वाद होतात, तेव्हा ज्याच्याकडे जुनी वहिवाट दाखवणारा कागद असतो त्याचे म्हणणे ऐकले जाते. आज गावकऱ्याकडे तोंडी साक्ष आहे आणि समोरच्या खात्याकडे नकाशा. या लढतीत कोण जिंकते हे सांगायला नको.

नावांचा प्रश्न काढला की सभागृहात आवाज चढतात, म्हणून तो थोडक्यात. इतिहास जपायचा म्हणजे रस्त्याला एखाद्या थोर व्यक्तीचे नाव द्यायचे, असा समज आहे. पेशवाईत वसईचे नाव बाजीपूर ठेवून पाहिले, टिकले नाही. इंग्रजांनी बसीन म्हटले, आज तेही नाही. लोक वसई म्हणत राहिले आणि वसईच उरली. जूचंद्रच्या रस्त्यावरच्या आळ्या, नाके, विहिरी, बांध यांना गावाने दिलेली नावे आहेत. ती बिल्डरच्या कमानींवरच्या नावांखाली गाडली जात आहेत, कुणी ठरवून नव्हे, पार्सलवाल्याच्या सोयीने. नवी नावे द्यायची गरज नाही, असलेली लिहून घ्यायची आहेत.

तेव्हा मागणी अशी. पुढच्या विकास आराखड्यात या रस्त्याची रुंदी, पातळी किंवा रेषा बदलणारे कुठलेही काम हाती घेण्याआधी नायगाव स्टेशन ते बापाणे या संपूर्ण लांबीची एक रस्ता-नोंदवही तयार करावी. तिच्यात आजची रेषा आणि जुन्या गावनकाशातली रेषा एकावर एक ठेवून दाखवावी. प्रत्येक मोरीची जागा, तोंडाची उंची आणि ती कुठल्या पाण्यासाठी आहे हे लिहावे. रस्त्याच्या पातळीच्या तुलनेत कडेच्या जुन्या घरांची जोती मोजावीत. ज्या सात कार्यालयांचा वर उल्लेख केला त्यांच्याकडच्या नकाशांच्या प्रती एका ठिकाणी आणाव्यात. आणि गावातल्या जाणत्या बायाबापड्यांकडून, विशेषतः ज्यांनी स्वतः मिठागरात काम केले त्यांच्याकडून, बांधांची आणि जागांची नावे आगरी उच्चारात जशीच्या तशी टिपावीत, प्रमाणभाषेत 'सुधारून' नव्हे. याला कोटींचा निधी लागत नाही. एक भूमापक, एक मोडी वाचणारा, गावातली दोन-तीन तरुण मुले आणि आपल्या सहीचे एक पत्र, जे सातही दारे उघडेल. खरी मेहनत त्या पत्राचीच आहे.

वेळेची मात्र एक अट आहे, ती पाणी घालते. मोजणी एप्रिल-मेमध्ये करावी, मिठागरे चालू असताना, म्हणजे वाफे, बांध आणि उघाड्या कामात असलेल्या दिसतील. आणि ती एकदाच करून भागणार नाही. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत सगळे शांत दिसते. मोऱ्यांची तोंडे अमावास्येच्या उधाणाला पुन्हा एकदा, भरती पूर्ण चढलेली असताना, पाहावी लागतील, आणि जमले तर जुलैतल्या एखाद्या पावसाळी उधाणालाही. भूमापकाला त्या दिवशी गमबूट द्यावेत.

कळावे,
आपला,
महापालिकेचा एक करदाता